लंडनहून साडेदहा तासांत

१

शनिवारी सकाळी सात चाळीसला रेणू राठोडचा फोन वाजला, तेव्हा कारंजा-वाशीम गाडी मंगरूळपीरच्या अलीकडे धुक्यातून चालली होती आणि रेणू दोन पोत्यांचं लगेज कोणाचं यावरून एका म्हाताऱ्याशी हुज्जत घालत होती. ड्युटीवर असताना कंडक्टरनं फोन उचलू नये, हा तिचा स्वतःचाच नेम होता. पण फोन तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिनं तिकिटाचं मशीन काखेत धरलं आणि फोन कानाला लावला.

पलीकडे तिची भावजय निता होती, पाठच्या भावाची, राजपालची बायको.

"ताई, बापू वावरात पडून हायत. डोक्यातून रगत गेलं. हिरीबाईनं पाह्यलं. जीपमंदी घालून कारंज्याले नेऊन राह्यले."

"सुदीवर हायत का?"

"नाई वो ताई. डोळे मिटेल हायत."

मंगरूळपीरच्या स्टँडवर रेणूनं मशीन आणि पेटी दुसऱ्या कंडक्टरच्या हवाली केली. कारंज्याकडे जाणारी गाडी लागायला दहा मिनिटं होती. तेवढ्या वेळात तिनं व्हॉट्सॲपवरून लंडनला फोन लावला. तिचा सगळ्यांत धाकटा भाऊ बादल दोन वर्षांपासून तिथं एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होता. कामरगावजवळच्या त्यांच्या तांड्यातून विमानात बसलेला तो पहिला माणूस. फोन लगेच उचलला गेला.

"बादल, बापू पडले. लई लागलं. येता येते का तुले?"

 तो म्हणाला, "जिते हायत ना? ताई, पह्यलं सांग, जिते हायत ना?"

"हायत."

"निंगतो मी." फोन कट झाला. रेणूनं फोनवर वेळ पाहिली. सात पंचावन्न. ही सवय तिच्या हाडीमासी खिळली होती. बारा वर्षांच्या नोकरीत तिनं कोणती गाडी कधी सुटली आणि कधी पोचली याशिवाय दुसरं काही इतक्या मन लावून पाहिलं नव्हतं.

बापू, म्हणजे रेणूचा बाप दौलतसिंग राठोड, वय अडुसष्ट. मेथी, पालक, वांगी पिकवून कारंज्याच्या बाजारात नेणारा माणूस. सकाळी सहाला लाइन आली की मोटार सुरू करायला तो वावरात जायचा, त्यात वर्षानुवर्षं खंड नव्हता. त्या दिवशी मोटारीच्या खोलीपुढच्या, पाण्याच्या टाकीजवळच्या ओल्या फरशीवर तो पाठीवर पडलेला सापडला. डोक्याच्या मागच्या बाजूला खोक पडली होती. डॉक्टरांनी टाके घातले, डोक्याचे फोटो काढले आणि म्हणाले, "आत रक्त साचलंय थोडं. शुद्धीवर येतील तेव्हा खरं."

नर्सनं बापूचे कपडे पिशवीत घालून रेणूच्या हातात दिले. सदऱ्याची डावी बाही खांद्याच्या शिवणीतून उसवून लोंबत होती.

दिवसभर दवाखान्याच्या व्हरांड्यात तांडा लोटला. रेणूची आई मोतीबाई, सगळ्यांची याडी, भिंतीला टेकून बसली होती. घोटभर पाणी घ्यायलाही तयार नव्हती. रेणू उठत होती, बसत होती, काचेतून आत डोकावत होती, पुन्हा फाटकापर्यंत जाऊन येत होती. राजपालचा पत्ता नव्हता. त्याचा फोन लागत नव्हता.

संध्याकाळी सहा पंचवीसला फाटकातून बादल आत आला. पाठीवर एक लहानशी पिशवी, डोळे लाल. सगळ्यांच्या देखत त्यानं याडीच्या पायावर डोकं ठेवलं आणि लहान लेकरासारखा हंबरडा फोडला.

"पाहा," व्हरांड्यातलं कोणीतरी म्हणालं, "सातासमुद्रापलीकडचा लेक बापासाठी आला. अन् घरचा कुठी हाय?"

घरचा तेव्हा पोलीस ठाण्यात होता. अर्ध्या तासापूर्वीच त्याला तिथं नेलं होतं.

२

फौजदार रविकांत ढोके शांत स्वभावाचा माणूस होता. रेणूला त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला.

"तुमच्या भावावर माझा राग नाही बाई. पण मी काय करू? शुक्रवारी संध्याकाळी बापलेकाचं भांडण अख्ख्या तांड्यानं ऐकलंय. राजपालला बैलजोडी विकायची होती, म्हातारा नाही म्हणत होता. शेवटी हा म्हणाला, 'मरत काहून नाई तू!' बारा तासांत म्हातारा पडलेला सापडतो. बाही फाटलेली, म्हणजे झटापट झाली. शेजारच्या वावरातला उदयसिंग सांगतो, सातच्या सुमाराला मोटारसायकल गेली. तुमच्या घरात मोटारसायकल राजपालचीच."

"तो कुठी होता म्हणते?"

"अनसिंगला, बैलाचं गिऱ्हाईक पाहायला. पहाटे पाचला निघालो म्हणतो. गिऱ्हाइकाला विचारलं, तर तो म्हणतो राजपाल दहाला पोचला. पाच तास लागतात का अनसिंगला?"

लागत नाहीत, हे रेणूला फौजदारापेक्षा चांगलं ठाऊक होतं. रस्ता तिच्या पायाखालचा होता. अडीच तास, धुकं धरून तीन.

राजपाल आतल्या बाकड्यावर बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांत दाबून. तिला पाहून तो उठलासुद्धा नाही.

"पंचर झाली ताई. शेलूच्या पुढं. दुकान उघडेपर्यंत बसलो. कोणं नाई पाह्यलं."

"भांडला काहून मग बापूशी?"

"भांडलो. दररोज भांडतो. भांडलं म्हून कोणी बापाले मारते काय?" त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "ते सोड. तुले काय वाटते, ते सांग."

रेणूची नजर ठाण्याच्या दाराकडे गेली. तिची ती वळलेली नजर राजपालनं पाहिली आणि पुन्हा मान खाली घातली.

ती ठाण्यातून निघाली. दवाखान्यात आली तर तिथं निराळंच चाललेलं. बादलभोवती माणसं जमली होती. कोणी त्याला पाणी देत होतं, कोणी खांद्यावरून हात फिरवत होतं. निता एकटीच लांब, खांबाआड उभी होती. तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं.

"लंडन किती दूर पडते रे बाबू?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"सात हजार किलोमीटरच्या वरतं काका."

"अन् सकाळी फोन केला तर संध्याकाळी आला बी!"

"तिकडं घड्याळ साडेपाच तास मांगं असते ना," बादल खाली पाहत म्हणाला. "ताईचा फोन आला तवा तिथं रातचे अडीच वाजले होते. म्हून पुरला दिवस."

"असं असं," म्हाताऱ्यानं मान डोलावली. सगळ्यांनीच डोलावली. रेणूनंही डोलावली.

कुंपणाला लागून वावर असलेल्या हिरीबाईनं बापूचा फोन आणून दिला होता. तो फोन हातात घेऊन रेणू बाकावर बसली. पडद्यावर अकरा मिस्ड कॉल होते. सगळे बादलचे. पहिला सात वाजून पाच मिनिटांनी, शेवटचा सात अठ्ठावीसला.

"रगताची ओढ म्हणतात ते हेच," हिरीबाई डोळे पुसत म्हणाली. "इकडं बाप पडला अन् तिकडं लेकाचा जीव कासावीस झाला. फोन वाजून वाजून राह्यला म्हून तं मी कुंपणातून डोकावलो. नाई तं कोणाले दिसले नसते ते."

३

रविवारी सकाळी याडीनं पहिल्यांदा अर्धा कप चहा घेतला आणि रेणूला हळूच म्हणाली, "बादल्या म्हणते, आठ दिवसानं वापस जा लागते. त्याचं तिकीट पुढं ढकलता येते का, पाह्य ना. बाप उठून बसेपर्यंत तरी राहू दे त्याले."

कारंज्यात बसस्टँडजवळ शुभांगी ठाकरेचं दुकान होतं. पासपोर्टचे अर्ज, रेल्वे, विमान, सगळी तिकिटं. पोरगी हुशार, रेणूच्या ओळखीची. कॉलेजात असताना तीन वर्षं तिच्याच गाडीनं यायची.

"सांगा ताई. कोणत्या विमानानं आला भाऊ? नंबर नसला तरी चालते. किती वाजता निघाला ते सांगा, मी काढतो शोधून."

"काल सकाळी सात पंचावन्नले फोन केला मी. मंग निंगाला. संध्याकाळी सहा पंचवीसले दवाखान्यात."

शुभांगीची बोटं कीबोर्डवर थांबली. "परवा सकाळी म्हणता का?"

"काल वो. शनिवारी."

"कालच्या काल?" शुभांगीनं खुर्ची मागे सरकवली. "ताई, काहीतरी चुकून राह्यलं तुमचं. लंडन ते मुंबई बहात्तरशे किलोमीटर. थेट विमान असलं तरी नऊ तास लागतात. इकडून तिकडं जाताना तं त्याहून जास्त."

"टप्पा एकच, मंग जाताना येताना फरक काहून?"

"वर वारा असते ना. पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहते. येताना पाठीशी, जाताना तोंडावर." शुभांगीनं कागद ओढला. "नऊ तास मुंबई. मुंबई-नागपूर दीड. नागपूरहून समृद्धीनं कारंजा अडीच. हे झाले तेरा. अन् हे नुसते चालते तास. विमानतळावर आधी दोन-तीन तास जा लागते. मुंबईले उतरून दुसरं विमान धरा लागते. अठरा तासांच्या आत कोणीच येऊ शकत नाही."

"पण तिथलं घड्याळ मांगं हाय ना साडेपाच तास?"

"हाय. मग?"

रेणूनं शुभांगीचा कागद आपल्याकडे ओढला. काल ज्या गोष्टीवर तिनं मान डोलावली होती, ती आता तिनं आपल्या पद्धतीनं मांडून पाहिली. समजा, मंगरूळपीर स्टँडवरचं घड्याळ साडेपाच तास मागं असलं. म्हणून मंगरूळपीर ते कारंजा गाडी लवकर पोचेल का? रस्ता तेवढाच. चाकं तेवढीच फिरणार. स्टँडवरचे काटे कुठंही असोत, ड्रायव्हरच्या पोटाला भूक लागायची तेव्हाच लागणार. तिनं फोन ठेवला त्या क्षणापासून बादल तिच्यासमोर उभा राहिला त्या क्षणापर्यंत साडेदहा तास गेले होते. लंडनमध्येही साडेदहाच गेले होते.

आणि नुसतं चालतं अंतर तेरा तासांचं.

"शुभांगी, रातच्या अडीचनंतर तिथून लगेच सुटणारं विमान?"

शुभांगीनं यादी खालीवर करून पाहिली. "मुंबईचं एकबी नाही. पहिलं सकाळी उजाडल्यावर." मग तिनं रेणूच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ताई, मग तुमचा भाऊ आला तरी कुठून?"

४

रेणू दवाखान्यात गेली नाही. कामरगावची गाडी पकडून थेट वावरात गेली. गाडीत तिला बसवेना. उभी राहिली तर उभं राहवेना. कंडक्टर ओळखीचा होता. त्यानं विचारलं, "काय झालं वो बाई?" ती म्हणाली, "काई नाई," आणि खिडकीचा गज घट्ट धरून ठेवला.

एक भाऊ ठाण्यात. त्याला सोडवायचं तर दुसऱ्याकडे बोट दाखवायचं. आणि दुसरा तिच्या कडेवर वाढलेला. याडी ऊसतोडीला जायची तेव्हा चार-चार महिने तिनंच त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, शाळेत नेऊन बसवलं.

हिरीबाई मेथीच्या जुड्या बांधत होती.

"मावशी, बापू कसे पडेल होते, ते एकडाव मले पुरं सांग."

"पाठीवर. पाय तांड्याच्या वाटेकडं. टाकीच्या फरशीवर शेवाळ हाय, तिथं. डोक्याखाली दुपट्टा."

"दुपट्टा तू ठेवला?"

"मी कायले? मी पोचलो तवा होताच. चांगली चौघडी घालून ठेवेल. रगतानं भिजून गेलता."

"पडताना खांद्यावरून सरकला असंल."

"सरकलेला दुपट्टा चौघडी होते काय वो?" हिरीबाई म्हणाली, आणि मग तिचा हात जुडीवरच थांबला. एवढा वेळ तिनं स्वतःही त्याचा विचार केला नव्हता.

शेजारच्या वावरात उदयसिंग हरभऱ्याला पाणी देत होता. दौलतसिंगाशी त्याचं बांधावरून वाकडं होतं, म्हणून रेणूला पाहून तो आधीच सावध झाला.

"म्या खोटं नाई सांगतलं पोलिसाले. गाडी पाह्यली म्हून पाह्यली म्हटलं."

"खोटं कोण म्हणते, काका? माणूस पाह्यला का?"

"धुकं होतं. पाठमोरा गेला, जोरात. डोक्यावर ते गोल टोपलं होतं."

"हेल्मेट?"

"हो, तेच."

"कोण्या बाजूनं गेला?"

"अमरावतीच्या अंगानं."

अनसिंग दक्षिणेला. अमरावती नेमकी उलट दिशेला. राजपालकडे हेल्मेट नव्हतं. निता त्याला दर दिवाळीला घ्यायला सांगायची आणि तो दर दिवाळीला हसण्यावारी न्यायचा. तांड्यात कोणाकडेच नव्हतं. पहाटे वावरात येताना हेल्मेट घालायची सवय शहरातल्या माणसाची, जिथं चौकाचौकांत पोलीस अडवतात.

रेणू मोटारीच्या खोलीपुढं आली. फरशीवर कोणीतरी माती टाकली होती. ती तिथं उभी राहिली, तोंड तांड्याच्या वाटेकडे करून. बापू याच बाजूला निघाला असणार, कारण पडला तेव्हा त्याचे पाय वाटेकडे होते. जो माणूस समोरून ढकलतो, त्याच्या धक्क्यानं सदऱ्याची बाही खांद्यातून उसवत नाही. बाही उसवते ती मागून ओढल्यानं. बापू चालला होता आणि कोणीतरी त्याचा डावा हात धरून मागं खेचलं होतं.

मग त्याच माणसानं दुपट्ट्याची घडी करून त्याच्या डोक्याखाली ठेवली होती.

आणि त्यानंतर सात पाचपासून सात अठ्ठावीसपर्यंत अकरा फोन. हिरीबाई त्याला रक्ताची ओढ म्हणत होती. पण रात्री दीड वाजता, इकडे काय झालं हे ठाऊक नसताना, कोणता लेक बापाला पाठोपाठ अकरा फोन करील? बापाशी बोलण्यासाठी ते फोन नव्हतेच. बापाच्या खिशातली घंटी वाजत राहावी आणि ती ऐकून कोणीतरी यावं, एवढ्यासाठी ते होते.

रेणू टाकीच्या काठावर बसली. पाच मिनिटांनी उठली आणि पळतच सडकेकडे निघाली.

५

दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर तिनं बादलला गाठलं. चारची वेळ होती. त्याच्या हातातला चहा तसाच होता.

"तुही मोटारसायकल कुठी हाय?"

"कोणती मोटारसायकल?"

"ज्याच्यावर हेल्मेट घालून वावरात आलता ते."

बादलनं ग्लास खाली ठेवला. तो आवाज चढवेल, शपथा घेईल, असं तिला वाटलं होतं. त्यानं तसलं काही केलं नाही.

"साडेदहा तासांत लंडनहून कोणी येत नसते बादल. तेरा तास नुसते हवेत अन् रस्त्यावर जातात. तू कुठून आला?"

टपरीवाल्यानं भांडी विसळली, दोन गिऱ्हाइकं येऊन गेली.

"अमरावतीहून," तो शेवटी म्हणाला. "दिवसभर स्टँडवर बसेल होतो. गाडी तिथंच हाय. म्या हिशेब केलता ताई. म्हटलं, दुसऱ्या दिवशी सकाळी जा लागते, तवाच खरं वाटंल. दुपारपर्यंत धरून राह्यलो. मंग नाई राह्यवलं. वाटलं, रातच्यात बापू गेला तं?"

"अन् लंडन?"

"वापस येऊन सात महिने झाले. त्यायनं कामाची परवानगी वाढवून देली नाई. नागपूरले हाय मी, गोदामात. दिवसा झोपतो अन् राती माल चढवतो. तुमी फोन करत तवा भिंतीपुढं उभा राहून बोलत होतो. याडी इचारे, तिथं बरफ पडते काय; मी म्हणे, पडते."

"बापूले सांगाले आलता?"

"हो. सगळ्यायच्या पह्यले त्यालेच सांगाचं होतं. म्हटलं शिव्या देईल, मारल. काई दिलं नाई ताई." बादल ग्लासच्या कडेवरून बोट फिरवत होता. "हसला तो. म्हणे, 'आला ना घरी? झालं मंग.' म्हणे, 'चाल, याडीले सांगू, तांड्यात सांगू, चहा करा म्हणू.' अन् निंगालाच. म्या म्हटलं, नको बापू, कोणाले सांगू नको. अख्खा तांडा मले स्टेशनवर सोडाले आलता, आता कोण्या तोंडानं जाऊ? तो काई थांबेना. म्या हात धरला त्याचा. ओढला. फरशी वली होती."

रेणूनं डोळे मिटून घेतले.

"म्या उचलाले पाह्यलं. रगत थांबेना. दुपट्टा लावला. नाकापाशी हात धरला तं सास होता. मंग भेव वाटलं."

"जीपनं न्यायचा सोडून पळाला तू."

"पळालो."

"अन् कालपासून राजपाल ठाण्यात बसला हाय, हे तुले दिसत नाई? निता खांबामांगं रडून राह्यली, हे दिसत नाई?"

"दिसते. दर घंट्याले वाटते, आता सांगू. मंग कोणी येऊन पाठीवरून हात फिरवते."

तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. हात उचललाही. पण एक गोष्ट तिच्या मनात दुपारपासून टोचत होती आणि तिच्यामुळे तो हात खाली आला. बापाचा जीव घ्यायला निघालेला माणूस शांतपणे दुसऱ्या दिवशी सकाळी आला असता, विमानाच्या वेळेत बरोबर बसून. कोणाच्या बापाला त्याची लबाडी कळली नसती. हा बारा तास लवकर आला आणि तिथंच उघडा पडला.

"म्या ठरवलं असतं तं आत्ताच ठाण्यात गेलो असतो," ती म्हणाली. "नाई जात. सकाळी सातपर्यंत तू जाय. नाई गेला, तं सात वाजून एक मिनिटाले मी जाईन. मंग मी तुही बहीण नाई, हे पक्कं."

ती वळली तेव्हा पायऱ्यांवरून निता धावत येत होती.

"ताई! बापूचे हात हालून राह्यले!"

६

बापूनं डोळे उघडले ते सोमवारी पहाटे. साडेसहाला डॉक्टर म्हणाले, "बोलतायत. पण दोन मिनिटंच, आणि गर्दी नको." फौजदार ढोके स्वतः आला आणि येताना राजपालला घेऊन आला. म्हाताऱ्यानं समोरासमोर काय ते सांगावं, म्हणजे एक घाव दोन तुकडे, असा त्याचा हिशेब.

खाटेभोवती याडी, निता, रेणू. पायथ्याशी राजपाल, दोन दिवसांची दाढी वाढलेली. दाराला चिकटून बादल. रात्रभर तो व्हरांड्यात येरझारा घालत होता, हे रेणूनं पाहिलं होतं. तीही झोपली नव्हती. सातला वीस मिनिटं कमी होती, आणि तो अजून काही बोलला नव्हता.

ढोके वाकला. "बाबा, ओळखता का मला? पोलीस आहे. शनिवारी सकाळी वावरात काय झालं? तुम्हाला कोणी पाडलं?"

दौलतसिंगाची नजर हळूहळू सगळ्यांवरून फिरली. राजपालवर थांबली. मग त्याच्या बाजूला उभ्या पोलिसावर. म्हाताऱ्याच्या कपाळाला आठी पडली. दोन दिवसांत काय झालं असेल, हे त्याला त्या एका पोलिसावरून कळलं. मग नजर दारापर्यंत गेली आणि तिथं बराच वेळ राहिली.

"कोणं नाई पाडलं," तो म्हणाला. आवाज वाळक्या पाचोळ्यासारखा. "फरशीवर शेवाळ होतं. पाय घसरला माहा. राजपाल नव्हता तिथं. कोणीच नव्हतं."

"नक्की?"

"एकटाच होतो."

ढोकेनं सुस्कारा सोडला. वही मिटली आणि राजपालच्या खांद्यावर हात ठेवला. "सुटलास बाबा. जा घरी." निता मोठ्यानं रडायला लागली. याडीनं हात जोडले.

रेणूनं बादलकडे पाहिलं. आता त्याला कोणीही काही विचारणार नव्हतं. बापानं स्वतः त्याला दार उघडून दिलं होतं. आठ दिवसांनी तो पाठीवर पिशवी टाकून 'लंडनला' जाऊ शकत होता, तांडा पुन्हा त्याला सोडायला आला असता. आणि तिनंही, मनाच्या एका कोपऱ्यात, क्षणभर तसंच व्हावं असं म्हटलं. राजपाल सुटला होता. बापू जिवंत होता. आणखी काय पाहिजे?

"साहेब, वही उघडा," बादल म्हणाला.

ढोके वळला.

"बापू खोटं सांगून राह्यले. मी होतो तिथं. म्या हात ओढला त्यायचा, म्हून पडले. अन् मी टाकून पळालो." त्यानं एक श्वास घेतला. पुढचं त्याला जास्त जड जात होतं, हे दिसत होतं. "अन् मी लंडनले नाई राहत. सात महिन्यांपासून नागपूरच्या गोदामात हाय."

याडी त्याच्याकडे पाहतच राहिली. बापूनं डोळे मिटून घेतले आणि त्याच्या कानशिलावरून पाणी उशीवर उतरलं.

"जबाब द्यावा लागेल," ढोके म्हणाला. "ढकललं नाही, ते मी लिहीन. टाकून गेला, तेही लिहावं लागेल. चल."

बादल चपला शोधू लागला. त्याला त्या सापडेनात, समोर असून. राजपाल पायथ्यापाशी उभा होता. तो सरळ बादलपुढं गेला आणि काडकन एक थोबाडीत ठेवून दिली. आवाजानं नर्स दारात आली. बादलनं गालाला हातही लावला नाही.

मग राजपालनं खाली वाकून चपला त्याच्या पायापुढं सरकवल्या.

"चाल, मी येतो संगं," तो म्हणाला. "तिथं लई थंडी वाजते. कोण्या बाकड्यावर ऊन येते, मले ठावं हाय."